लहान हनुवटी, अडणारा श्वास आणि जबड्याचं ऑपरेशन: यशाचा अंदाज कसा बांधतात

प्रश्न इंदूरच्या एका ताईंचा आहे. त्यांच्या बहिणीचं बाळ ११ दिवसांचं आहे, जन्मवजन २६०० ग्रॅम. हनुवटी खूप मागे आहे आणि तोंडातल्या टाळूला भेग आहे. उताणं झोपवलं की जीभ मागे पडते आणि सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ८० च्या खाली जातं. सध्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नाकातून घशापर्यंत एक नळी घातली आहे, दूध रायल्स ट्यूबने म्हणजे पोटात सोडलेल्या बारीक नळीने चालू आहे. डॉक्टरांनी ‘पिअर रॉबिन’ असं निदान सांगून खालचा जबडा लांबवायचं ऑपरेशन सुचवलंय. ‘नाहीच जमलं तर ट्रेकिऑस्टॉमी’, म्हणजे गळ्याला छेद देऊन थेट श्वासनलिकेत नळी, असंही ते म्हणाले, आणि तेव्हापासून घरात कोणाला झोप नाही. ताई विचारतात: ऑपरेशन यशस्वी होण्याची शक्यता किती टक्के? मुंबईला न्यावं का? आणि बहिणीच्या सासूबाई म्हणतात की मालिशने हनुवटी पुढे येते, ते खरं का?

ताई, मी इंदुरातच लहान मुलांच्या चेहऱ्याच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करतो. मालिशचं आधी सांगतो, कारण ते लगेच लागणार आहे. हाड मालिशने पुढे येत नाही. पुष्कळ निरोगी बाळांची हनुवटी जन्मतः थोडी मागे असते आणि वर्षभरात आपोआप भरते. श्रेय मालिशवाल्या बाईंना मिळतं. तुमच्या बाळाचं तसं नाही. हनुवटी चिमटीत धरून ओढल्याने काही साधणार नाही. आणि न्हाऊ घालताना बाळाला पायांवर उताणं घेऊन, मान मागे टाकून, तांब्याने पाणी ओततात ना, ती स्थिती या बाळासाठी सगळ्यांत वाईट. जीभ थेट घशावर बसते. बाळ रडायचं थांबतं आणि घरच्यांना वाटतं की शांत झालं. घरी आल्यावरही काही महिने नुसतं अंग पुसून घ्या, किंवा कुशीवर धरूनच न्हाऊ घाला. सासूबाई ऐकत नसतील तर डॉक्टरांचं नाव पुढे करा.

आता टक्के. नवजात बाळाचा जबडा लांबवल्यावर १० पैकी ९ च्या आसपास बाळांची ट्रेकिऑस्टॉमी टळते, असं मोठ्या केंद्रांचे अनुभव सांगतात. आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या बाळाचा आकडा नाही. एक तर ‘यश’ कशाला म्हणायचं हे प्रत्येक केंद्र आपापलं ठरवतं. कोणी ट्रेकिऑस्टॉमी टळली की यश धरतं, कोणी व्हेंटिलेटरची नळी निघाली की, तर कोणी झोपेच्या तपासणीतला अडथळ्यांचा आकडा उतरला की. बाळाची आई विचारते तेव्हा तिच्या मनात असतं की बाळ घरी येईल का आणि तोंडाने दूध पिईल का. यातला दूध पिण्याचा भाग वरच्या ‘१० पैकी ९’ मध्ये मोजलेलाच नसतो. शिवाय त्या दहात बाळं कोणती होती हेही पाहावं लागतं. जबडा सोडून बाकी सगळं ठीक असलेली बाळं घेतली की आकडा चढतो. सिंड्रोम (एकत्र येणाऱ्या जन्मजात दोषांचा संच) असलेली, मेंदूचा किंवा श्वासनलिकेचा त्रास असलेली बाळं मिसळली की उतरतो. म्हणून मी नातेवाइकांना सांगतो की टक्के नंतर विचारा, आधी अडथळा कुठे कुठे आहे ते विचारा. अंदाजाचं मूळ तिथेच आहे.

हे नीट कळायला थोडं मागे जावं लागेल. पिअर रॉबिन हे फ्रेंच दंत-मुखरोगतज्ज्ञ. जीभ मागे पडून श्वास अडतो, हे त्यांनी १९२३ मध्ये मांडलं. गर्भात सुरुवातीच्या महिन्यांत खालचा जबडा छोटा राहिला की जिभेला खाली बसायला जागा मिळत नाही. ती वरच अडकते, म्हणून टाळूच्या दोन्ही बाजू मध्ये येऊन जुळू शकत नाहीत आणि तिथे रुंद, गोलसर भेग राहते. जन्मानंतर तीच जीभ घशाच्या मागच्या भिंतीला टेकते. जबडा, त्यामुळे जीभ, त्यामुळे टाळू आणि श्वास, अशी ही साखळी. जबडा पुढे घेतला की जिभेचं बूड त्याच्याबरोबर पुढे येतं, कारण जिभेचे स्नायू हनुवटीच्या आतल्या बाजूला चिकटलेले असतात. ऑपरेशनचा सगळा हिशेब एवढाच आहे. त्यामुळे अडथळा फक्त जिभेच्या बुडाशी असेल तर ऑपरेशन लागू पडतं. त्याच्या खाली, स्वरयंत्रात किंवा श्वासनलिकेत दुसरा अडथळा असेल, किंवा मेंदूच श्वास घ्यायचा विसरत असेल, तर जबडा कितीही पुढे आला तरी तो प्रश्न तिथेच राहतो.

म्हणूनच हनुवटी किती मागे आहे यावरून कोणी भविष्य सांगत असेल तर फार मनावर घेऊ नका. नुसतं पाहून घाबरावं इतकी छोटी हनुवटी असलेलं बाळ कधी कधी पालथं झोपवल्यावर मजेत राहतं, आणि जेमतेम मागे असलेल्या हनुवटीचं बाळ दर तासाला निळं पडतं. जबड्याची लांबी आणि श्वासाचा त्रास यांचं नातं फारच सैल आहे. थ्री-डी सीटी स्कॅन आम्ही करतो, पण हाड कुठे कापायचं, दातांच्या कळ्या कुठे आहेत, सांधा तयार झालाय की नाही हे बघायला. ऑपरेशनची आखणी त्यावर होते. यशाचा अंदाज त्याच्यावर फार थोडा उभा असतो.

मग अंदाज कशावर? तुमच्या बाळाच्या बाबतीत एक मोठा पुरावा आत्ताच बाळाच्या नाकात आहे.

ती नळी म्हणजे बहुधा मापात कापलेली साधी एन्डोट्रेकियल ट्यूब, एरवी श्वासनलिकेत घालतात ती. तिचं टोक जिभेच्या बुडाच्या जरा खाली, स्वरयंत्राच्या झाकणाच्या वर येऊन थांबतं, म्हणजे जीभ जिथे अडवते तेवढी जागा ती वळसा घालून टाळते. ऑपरेशन हाड हलवून जे करणार, ते नळी प्लास्टिकने करते आहे. तर मग बघा: नळी नीट बसलेली असताना बाळ शांत झोपतं का? बरगड्यांमधली कातडी आत खेचली जाणं थांबलं का? रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरला का? उत्तर हो असेल तर अडथळा जिभेपाशीच आहे, आणि जबडा पुढे घेतल्यावर बाळ मोकळं होण्याची शक्यता चांगली. नळी जागेवर असूनही छाती ओढली जात असेल, श्वास आत घेताना चिरका आवाज येत असेल, तर खाली अजून काहीतरी आहे असं समजून शोधायला हवं.

यात एक गंमत आहे, आणि ती नातेवाइकांना पचायला जड जाते. ज्या बाळात ऑपरेशन हमखास यशस्वी होईल असं नळी सांगते, त्यातल्या बऱ्याच बाळांना ऑपरेशन लागतच नाही. नळीवर बाळ खुशाल असेल, वजन धरत असेल, तर काही आठवडे, कधी दोन-तीन महिने तसंच काढता येतात. तोवर जबडा थोडा वाढतो, जिभेवर ताबा येतो, घशाच्या स्नायूंना जोर येतो. रॉबिनची बहुसंख्य बाळं पालथं झोपवणं, नाकातली नळी, सीपॅप (नाकातून सतत हलक्या दाबाने हवा देणारं यंत्र) अशा उपायांवर निभावून जातात. जर्मनीत ट्युबिंगनला टाळूला लावायची एक खास प्लेट बनवतात. तिची मागची शेपटी जिभेचं बूड पुढे ढकलते आणि त्यांचे निकाल उत्तम आहेत. पण तशी प्लेट बनवून, एन्डोस्कोपने तपासून, पुन्हा पुन्हा जुळवून देणारी माणसं सगळीकडे मिळत नाहीत. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: नळीवर ठेवून थांबायला काय हरकत आहे? हरकत असेलही. नळी सारखी भरत असेल, निघून येत असेल, घर इतकं लांब असेल की रात्री नळी तुंबली तर वेळेत कोणी पोचणार नाही. खरगोन-बडवानीच्या एखाद्या पाड्यावर नळीवरचं बाळ पाठवायला माझंही मन धजत नाही. तुम्ही इंदुरातच आहात, एवढा फरक तुमच्या बाजूने आहे.

दुसरा पुरावा एन्डोस्कोपीचा, आणि तो झाल्याशिवाय ऑपरेशनला संमती देऊ नका असं मी स्पष्ट सांगतो. एक पातळ, लवचीक दुर्बीण जागेपणी नाकातून घालून जीभ आणि स्वरयंत्र पाहतात. मग ऑपरेशन थिएटरमध्ये, भूल देऊन पण बाळाचा स्वतःचा श्वास चालू ठेवून, श्वासनलिका खालपर्यंत पाहतात. या दुसऱ्या तपासणीत एक छोटी गोष्ट करतात, तिला फार किंमत आहे. दुर्बीण जिभेच्या बुडाशी असताना भूलतज्ज्ञ बाळाच्या जबड्याच्या कोपऱ्यांमागे बोटं लावून जबडा हळूच पुढे उचलतात. पडद्यावर तोवर फक्त गुलाबी मांस दिसत असतं. जीभ मागच्या भिंतीला चिकटलेली, मधल्या फटीत लाळेचा एक बुडबुडा आत-बाहेर. जबडा उचलला की जीभ सरकते, मागे काळी पोकळी उघडते आणि तिच्या तळाशी स्वरयंत्र दिसायला लागतं. बोटं सोडली की ती वाट पुन्हा बंद. ऑपरेशननंतर काय होईल याची याहून जवळची रंगीत तालीम आमच्याकडे नाही. जबडा उचलूनही घसा उघडला नाही, बाजूच्या भिंतीच आत कोसळताना दिसल्या, तर मी ऑपरेशनची घाई करत नाही. त्याच बैठकीत स्वरयंत्राचा मऊपणा, स्वरयंत्राखालचं अरुंदपण, श्वासनलिकेचा ढिलेपणा आहे का तेही दिसतं. यातलं काही ठळक असेल तर अंदाज बदलतो, आणि काही वेळा बेतच बदलतो.

तिसरी गोष्ट कार्बन डायऑक्साइड. मॉनिटरवरचा सॅच्युरेशनचा आकडा सगळ्यांना पाठ होतो. आजोबासुद्धा काचेपलीकडून तोच वाचत उभे असतात. पण नाकाला ऑक्सिजन लावला की तो आकडा ९५ च्या वर छान बसतो, आणि आत कार्बन डायऑक्साइड मात्र चढत राहू शकतो. टाचेतून थेंबभर रक्त घेऊन ‘गॅस’, म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी, करतात, त्यात तो दिसतो. तो सतत ५० च्या वर असेल आणि बायकार्बोनेटही वाढत चाललं असेल, तर बाळ बरेच दिवस कष्टाने श्वास घेतंय असा अर्थ. तसं बाळ वजनही धरत नाही. जन्मवजन भरून आल्यानंतर दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ हवी. दूध पुरेसं जात असूनही वजन हलत नसेल, तर ते सगळं दूध श्वास घेण्याच्या मेहनतीत खर्च होतंय. वजनाचा तक्ता हा सगळ्यांत स्वस्त पुरावा, आणि राउंडला सगळ्यांत कमी वेळ त्याच्यावरच जातो.

झोपेची तपासणी, म्हणजे पॉलिसोम्नोग्राफी, होत असेल तर करून घ्या. तिचा खरा उपयोग श्वास ‘अडून’ थांबतो की ‘आदेश न आल्याने’ थांबतो हे वेगळं करायला. अडून थांबतो तेव्हा छाती-पोट जोर लावत असतं आणि हवा जात नाही. आदेश येत नाही तेव्हा छातीच हलत नाही. पहिल्या प्रकारावर जबड्याचं ऑपरेशन चालतं, दुसऱ्यावर चालत नाही. नवजात बाळात दुसऱ्या प्रकारचे थोडे विराम नेहमीचेच असतात, त्यामुळे अहवालात ते दिसले म्हणून घाबरू नका. तेच जास्त असतील तर मात्र मेंदूकडे पाहावं लागतं. अशी तपासणी एनआयसीयूत करून देणारी केंद्रं कमीच आहेत. नसेल तर रात्रभराच्या सॅच्युरेशनची नोंद, सकाळचा गॅस आणि अनुभवी सिस्टरचं म्हणणं, एवढ्यावरही निर्णय होतो. सिस्टरचं म्हणणं मी मुद्दाम लिहिलंय. बाळ झोपेत जोर लावतं की नुसतं थांबतं, हे १२ तास शेजारी बसणाऱ्या बाईला आमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

आता गुणांची गोष्ट, कारण कोणीतरी तुमच्यासमोर ‘गिल्स स्कोअर’ नक्की काढेल. तो बॉस्टनच्या शल्यविशारदांनी २०११ मध्ये मांडला, आणि मुळात वेगळ्या शस्त्रक्रियेसाठी, म्हणजे जीभ खालच्या ओठाला शिवून पुढे धरून ठेवतात त्यासाठी. पाच गोष्टी, प्रत्येकीला १ गुण: दूध वर येण्याचा म्हणजे रिफ्लक्सचा त्रास, ऑपरेशनआधीच श्वासनलिकेत नळी घालावी लागणं, जन्मानंतर दोन आठवडे उलटल्यावर ऑपरेशन, २५०० ग्रॅमपेक्षा कमी जन्मवजन, आणि सिंड्रोम. दोन किंवा कमी गुण असतील तर निकाल चांगले. तीन आणि वर गेले की अपयश ठळकपणे वाढतं. पुढे हेच गुण जबडा लांबवण्याच्या शस्त्रक्रियेलाही लावून पाहिले गेले आणि तिथेही तीन आणि त्यावर गुण असलेली बाळं जास्त अडचणीत आली.

तुमच्या बाळाचे गुण माझ्या हिशेबाने असे. वजनाचा ०. नाकातली नळी श्वासनलिकेत जात नाही, त्यामुळे त्याचाही ०. रिफ्लक्सचं तुम्ही लिहिलेलं नाही. वयाचा १ बहुतेक लागेल, कारण तपासण्या होईतो १४ दिवस उलटणारच. पण या एका गुणाला घाबरून उद्याच टेबलावर घ्या असा आग्रह धरू नका. उशिरा ऑपरेशन झालेली बाळं अनेकदा उशिरा पोचलेली, दमलेली, न्यूमोनिया होऊन गेलेली असतात. दोष उशिराच्या तारखेचा कमी आणि मधल्या हालांचा जास्त. तुमचं बाळ नळीवर व्यवस्थित असेल तर चार दिवस तपासणीत गेल्याने त्याचं भवितव्य बिघडत नाही. राहिला सिंड्रोम, आणि तोच गुण सगळ्यांत जड.

रॉबिनच्या निम्म्याच्या आसपास बाळांत दुसरं काही सापडत नाही. उरलेल्यांत सगळ्यांत जास्त आढळतो तो स्टिक्लर सिंड्रोम. त्याचा शोध रक्ताच्या अहवालाआधी घरातल्या अल्बममध्ये लागतो. आई-वडील, काका-मामा, आजी यांच्यात कोणाला लहानपणापासून जाड भिंगाचा चष्मा होता का? कोणाचा पडदा सरकून डोळा गेला का? चाळिशीच्या आत गुडघे-खुबे दुखायला लागले, ऐकू कमी यायला लागलं, असं कोणी आहे का? हा आजार बहुतेकदा आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडूनच येतो आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नसतो. स्टिक्लरच्या बाळांचा श्वास ऑपरेशनने चांगला सुधारतो, त्यामुळे या नावाने श्वासाचा अंदाज फार बिघडत नाही. पण डोळ्याच्या पडद्याची तपासणी जन्मभर करावी लागते, आणि ती वेळेवर झाली तर दृष्टी वाचते. ट्रेचर कॉलिन्स नावाच्या सिंड्रोममध्ये गालाची हाडं आणि कान छोटे, पापण्या बाहेरच्या बाजूला उतरत्या असतात. तिथे घसाच अरुंद असतो आणि पुढे घेतलेला जबडा वाढीच्या वर्षांत पुन्हा मागे पडतो. दुसरं ऑपरेशन गृहीत धरूनच चालावं. २२ क्रमांकाच्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला असेल तर हृदय आणि कॅल्शियम पाहायलाच हवं. सगळ्यांत कठीण असतात ती ढिल्या अंगाची बाळं, ज्यांचे स्नायूच जोर धरत नाहीत. तिथे जबडा पुढे येतो आणि श्वास तसाच राहतो. जनुकीय अहवाल यायला काही आठवडे लागतात. ऑपरेशन त्यासाठी अडवू नका, पण नमुना आधी पाठवा आणि बालरोगतज्ज्ञांना बाळ डोक्यापासून पायापर्यंत त्या नजरेने पाहायला सांगा.

ऑपरेशनबद्दल थोडक्यात. हाड कापून हळूहळू लांबवलं तर मधल्या फटीत नवीन हाड भरतं, हे सैबेरियातल्या कुर्गानच्या इलिझारोव यांनी पायाच्या हाडांवर दाखवून दिलं. माणसाच्या खालच्या जबड्यावरचे पहिले अनुभव न्यूयॉर्कहून १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळाच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंना, दाढेच्या कळीच्या मागे, हाड कापून एकेक डिस्ट्रॅक्टर, म्हणजे हाडाचे तुकडे हळूहळू लांब सारणारं छोटं उपकरण, बसवतात. तो किल्लीने फिरवून रोज १ ते २ मिलिमीटर जबडा पुढे नेतात, खालची हिरडी वरच्या हिरडीच्या बरोबरीने किंवा किंचित पुढे येईपर्यंत. बाळ सुरुवातीचे काही दिवस व्हेंटिलेटरवर असतं, आणि जबडा पुरेसा सरकला की नळी काढून पाहतात. नंतर हाड पक्कं होईपर्यंत साधारण सहा ते आठ आठवडे डिस्ट्रॅक्टर तसाच राहतो, आणि तो काढायला पुन्हा भूल. नळी निघाल्यावरही गॅस वाईटच येत असेल तर जबडा आणखी ताणण्यापेक्षा दुर्बीण पुन्हा आत घालावी, असं माझं मत आहे.

किंमत काय मोजावी लागते तेही ऐकून ठेवा. दाढेची एखादी कळी दुखावू शकते, मग ती दाढ वाकडी येते किंवा येतच नाही. खालच्या ओठाची एक बाजू हलवणारी नस ताणली जाते. रडताना ओठ वाकडा दिसतो, बहुतेकदा तो काही महिन्यांत सावरतो. व्रण राहतो. स्क्रूपाशी पू होऊ शकतो. क्वचित सांधा आखडून तोंड कमी उघडतं, आणि ते मला सगळ्यांत जास्त नको असतं. श्वासासाठी हे सगळं सोसण्यासारखं आहे. पण नळीवर भागत असताना, ‘चेहरा छान दिसेल’ म्हणून कोणी सुचवत असेल, तर नको म्हणा.

दुधाचा अंदाज वेगळा बांधायचा. टाळूला भेग असल्यावर तोंडात ओढ तयार होत नाही, त्यामुळे बाळाला अंगावर पाजणं बहुतेकदा जमत नाही. त्यात आईचा काहीच दोष नाही, हे तुमच्या बहिणीला तुम्हीच सांगा. तिने दूध काढत राहावं. ते दाबता येणाऱ्या मऊ बाटलीने किंवा बोंडल्याने, बाळाला बसतं किंवा कुशीवर धरून, थोडं थोडं देता येतं. फक्त जबड्याचाच दोष असलेली बाळं श्वास मोकळा झाल्यावर बहुतेक काही आठवड्यांत तोंडाने घ्यायला लागतात. ढिल्या अंगाची किंवा रिफ्लक्सची बाळं श्वास सुधारूनही पोटातल्या नळीवर राहू शकतात. टाळू शिवायचं ऑपरेशन साधारण वर्षाच्या आसपास होतं. त्याआधी श्वासाची पुन्हा तपासणी करून घ्या, कारण टाळू बंद झाला की हवेची एक वाट कमी होते. कानांकडेही लक्ष ठेवा; या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं आणि बोलणं उशिरा येतं.

ट्रेकिऑस्टॉमी या शब्दाने तुमचं घर हादरलंय. जिथे दोन-तीन ठिकाणी अडथळा आहे तिथे तोच सगळ्यांत सुरक्षित रस्ता असतो, आणि तो निवडला म्हणजे डॉक्टर हरले असं होत नाही. पण घरी सांभाळणं फार कठीण आहे. नळी तुंबली तर मिनिटांचा खेळ. घरात दोन माणसं शिकलेली हवीत, सक्शन मशीन हवं, आणि वीज गेली तर पायाने चालवायचं दुसरं मशीन हवं. म्हणून ती टाळण्यासाठी एवढा खटाटोप करतात.

इंदूर की मुंबई, याचं उत्तर शहराच्या नावावर नाही. चालू रुग्णालयात विचारा की नवजात बाळाच्या श्वासनलिकेची दुर्बिणीची तपासणी इथे होते का, आणि रात्री तीन वाजता नळी निघाली तर ती पुन्हा घालणारं माणूस इमारतीत असतं की फोन केल्यावर घरून येतं. या बाळांना नळी घालणं मुळातच अवघड, त्यामुळे माझ्या मते हा प्रश्न सर्जनच्या अनुभवाइतकाच महत्त्वाचा. दोन्हींची उत्तरं समाधानकारक मिळाली तर इथेच थांबा. नाही मिळाली तर हलवा, पण श्वासाची वाट पक्की करूनच, नवजात बाळांच्या रुग्णवाहिकेतून किंवा विमानाने. अवंतिका एक्स्प्रेसने रात्रभर मांडीवर घेऊन जायचा विचारही नको. अगदी शहरातल्या शहरात हलवतानासुद्धा बाळ पालथं किंवा कुशीवर हवं. खंडव्याकडून घाट चढून बाळं येतात, त्यातली बरीच आईच्या मांडीवर उताणी असतात आणि दारात पोचेतो निळी झालेली असतात.

खर्चाचं एकच. टाळूची भेग राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात येते, आणि टाळू शिवायचं ऑपरेशन स्माइल ट्रेन या सेवाभावी संस्थेशी जोडलेल्या रुग्णालयांत मोफत होतं. डिस्ट्रॅक्टरची किंमत मात्र वेगळी लागते का, हे तारीख ठरण्याआधी लेखी विचारून घ्या.

आता तुम्ही एवढं कळवा: रोजचं वजन, नळी असतानाचा गॅस, दुर्बिणीचा अहवाल, रिफ्लक्सचा त्रास आहे की नाही, आणि घरात जाड चष्म्याचं कोणी आहे का. दुर्बिणीची तपासणी अजून झाली नसेल तर उद्याच्या राउंडला तीच मागा.